केळीखालची ओल

आमच्या यशोधरावहिनीला लोक दगड म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्या मिलच्या लाइनीत हळदीकुंकू असो की कुणाचं डोहाळजेवण, विषय निघाला की कुणीतरी म्हणणारच, "ती रघुवीरची बायको ना? बाई आहे का दगड!" मी मात्र तोंडावर म्हणायची. माझं तोंड तसंच आहे, आता या वयात काय बदलणार? आणि रघुवीर माझा सख्खा थोरला भाऊ. दादाच्या घरात मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

वहिनी महेश्वरची. नर्मदेच्या घाटावर वाढलेली, लग्न होऊन आली तेव्हा बडबडी होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ते खरं वाटायचं नाही. स्वयंपाक करताना गायची. मला 'वन्सं, वन्सं' करून भंडावून सोडायची आणि माझ्या नवऱ्याची, म्हणजे मिलमधल्या क्लार्कची, चालण्याची नक्कल करायची. मी हसून हसून बेजार व्हायची आणि मग त्यांच्या वतीने रागवायची.

दादा निंबाखेडीच्या तलावावर ओव्हरसियर होता. महूच्या रस्त्यावर, राऊच्या अलीकडे उतरायचं आणि पुढे बैलगाडी. होळकर सरकारने त्याला नेमलं होतं. संस्थान मध्यभारतात गेलं तेव्हा कागदावरचा शिक्का बदलला, दादा तिथेच राहिला. क्वार्टर तलावाच्या उंच काठावर होतं. मागचं अंगण संपलं की सरळ खाली दरड, दोन पुरुष तरी खोल, आणि तिच्या पायाशी पाणी. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम. पश्चिमेचा वारा सुटला की लाटा दरडीवर थडाथड आपटायच्या आणि मला तिथे झोप यायची नाही.

विलीनीकरणाच्या सालच्या पावसाळ्यात त्यांची मुलगी गेली. रेवा. पाच महिन्यांची होती, दात यायचे होते. ताप चढला, नाल्याला पूर, डॉक्टर पलीकडे. दात न आलेल्या लेकराला आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. पण पुरायला न्यायचं तरी कुठे? मसणवटाही नाल्याच्या पलीकडेच. शेवटी दादाने मागच्या अंगणाच्या टोकाला, दरडीपासून चांगलं आत, खड्डा केला. वर एक सपाट दगड ठेवला.

वहिनी रडली नाही. मी पूर ओसरल्यावर पोचले, गळ्यात पडले, मीच रडले. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "वन्सं, तुमचं लुगडं भिजलंय, बदला." बस. पुढची चार वर्षं ती अशीच बोलली, जेवढं कामाला लागेल तेवढं.

रिवाजाप्रमाणे पहिले काही दिवस तिने त्या जागेवर दूध घातलं. मग दुधाच्या जागी पाणी. रोज संध्याकाळी दिवा लावला की तांब्या भरून घ्यायची, अंगणाच्या टोकाला जायची, दगडावर हळूहळू ओतायची आणि परत यायची. चेहऱ्यावर काही नाही. सुखही नाही, दुःखही नाही.

आता आपल्या लोकांची एक खोड सांगते. मोरीचं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. न्हाणीघराच्या भोकातून पाणी बाहेर पडलं की तिथे केळी आणि अळू हे ठरलेलं. इंदुरात कुठल्याही गल्लीत शिरा, मागच्या बाजूला केळी दिसली की समजायचं, घर मराठी. तलावाचा चौकीदार भेरूजी हसायचा. म्हणायचा, "बईसाब, तम दखणी लोग न्हावा को पाणी बी नी छोड़ो!" मी त्याला म्हणायची, भेरूजी, अळूवडी खाऊन बघा, मग बोला.

तर वहिनीने काय केलं, खुरपं घेऊन मोरीच्या तोंडापासून थेट त्या दगडापर्यंत चर ओढला. दगडाच्या अंगाला, दरडीच्या बाजूने, केळीचे कोंब लावले, भोवती अळू. न्हाणं, धुणं, भांडी, सगळ्या दिवसाचं पाणी तिकडे वळलं. शिवाय संध्याकाळचा तांब्या होताच. केळी अशी माजली म्हणता! त्या उन्हातान्हाच्या माळावर एवढंच हिरवंगार. घड लागले की वहिनी ते भेरूजीच्या घरी पाठवायची. आपण एक केळं तोंडात घातलं नाही, आणि तिचं बघून दादानेही नाही.

घरात मात्र कशातच तिचा जीव नव्हता. आमटीत मीठ असलं तर असलं. दादा उन्हातून यायचा, टोपी काढून खुंटीला लावायचा आणि स्वतः माठाकडे जाऊन पाणी घ्यायचा. मला ते बघवायचं नाही. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात पाणी द्यायचं, ही काय शिकवायची गोष्ट आहे? एकदा मी म्हटलंच, "वहिनी, माणूस भर दुपारी घरात आलाय, पाणी तरी दे."

"माठात आहे, वन्सं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

रागाने माझं डोकं भणाणलं. दादा डोळ्यांनीच मला गप्प राहा म्हणाला.

आणि इकडे दरड ढासळायला लागली. पहिल्याच पावसाळ्यात एक तुकडा गेला. पुढच्या वर्षी केळीच्या बाजूला घळ पडली. आधी उंदराच्या बिळाएवढं भोक, मग हात जाईल एवढं, मग माणूस उतरेल एवढी घळ. पावसाचं पाणी अंगणातून धावत यायचं ते त्या घळीत उडी मारायचं आणि जाताना माती घेऊन जायचं. सुरुवातीला दगडापासून कड्यापर्यंत खाट टाकून झोपता आलं असतं. चौथ्या उन्हाळ्यात केळी कड्यावर लोंबायला लागल्या होत्या. तेवढ्याने भागलं नाही. दगडाच्या अलीकडे, घराच्या बाजूला, जमिनीला एक लांब भेग पडली. म्हणजे दगडासकट अख्खा तुकडाच सुटायच्या बेतात होता.

मी वैशाखात गेले तेव्हा वहिनीने मला हाताला धरून ती भेग दाखवली. "वन्सं, या पावसाळ्यात रेवा पाण्यात जाणार," म्हणाली. आवाज असा की दूध नासलंय असं सांगावं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

दादाने यावर काय उपाय चालवला होता तो ऐका. दर उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की दरडीच्या पायथ्याशी तो दगड रचायचा. लाटा अडवायला. मंजुरी मागायची सोय नव्हती, कचेरीचा बाडबिस्तरा सहा महिने ग्वाल्हेरला, सहा महिने इंदूरला. मग हा आपला सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या हाताने. हाताला घट्टे, नखं काळीनिळी. आणि पावसाळ्यात काय व्हायचं? त्याची भिंत जागच्या जागी राहायची आणि दरड वरून तिच्यावर कोसळायची. पुढच्या उन्हाळ्यात माती उपसून पुन्हा दगड!

"दादा, भिंत खाली आणि दरड वरून पडून राहिली. काय करून राहिलास तू? तुला ओव्हरसियर केलं कुणी?" मी म्हणायची.

"लाटांना अडवायला नको का, शालू?" तो हसून म्हणायचा आणि पुढचा धोंडा उचलायचा.

त्या वैशाखात पाणी कधी नव्हे इतकं मागे गेलं होतं. पाण्यात बसलेल्या म्हशी वरून शेळ्यांएवढ्या दिसायच्या. वारा नाही, लाट नाही, पावसाचा पत्ता नाही. आणि तरी एका सकाळी, लख्ख उन्हात, अळूचा एक वाफा धप्पदिशी खाली गेला. मी तेव्हा नुकती शिकेकाईने न्हाऊन केस वाळवत अंगणात बसले होते. वहिनी बाहेर आली, कड्याकडे बघत उभी राहिली. मग लांबवर तलावाकडे बघितलं. मग परत कड्याकडे.

दादा खाली दगड रचत होता. त्याची भाकरी घेऊन मी निघाले तर वहिनी म्हणाली, "मी येते." चार वर्षांत ती त्या उतारावरून खाली गेली नव्हती. मी काही बोलले नाही, बोलले असते तर कदाचित फिरली असती.

खाली तलावाचा तळ तडकलेला होता, पावलाखाली ढेकळं मोडत होती. तिथून दरड पहिल्यांदाच समोरून दिसली. वर काळी माती सुकून भेगाळलेली. खाली मुरूम कोरडा. आणि दोघांच्या मधोमध, बरोबर केळीच्या खाली, एक काळपट ओला पट्टा. बाकी कुठे टिपूस नाही, तेवढ्याच जागी ओल. तिथे बांगडीएवढं एक भोक होतं आणि त्यातून पाणी झिरपत होतं, कडेला पांढरा फेस.

वहिनी ढिगाऱ्यावर चढली. भोकात दोन बोटं घातली, बाहेर काढली, नाकाशी नेली. मग हात माझ्यापुढे धरला.

"वन्सं, तुमची शिकेकाई."

खोटं सांगत नाही. माझ्या ओल्या केसांना येत होता तोच वास. बोटांना शिकेकाईचा तपकिरी चुरासुद्धा लागला होता. सकाळी डोक्यावरून ओतलेलं पाणी दुपारच्या आत दरडीच्या तोंडातून बाहेर पडत होतं!

दादा दगडावर बसला होता. हातातली भाकरी त्याने फडक्यावर ठेवून दिली. वहिनी वरून खाली उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे लाटांचं काम नाही," ती म्हणाली.

"नाही. काळी माती पाणी पिते, सुकली की तडकते, भेगांतून पाणी खाली जातं. मुरमावर पोचलं की आडवं वाहायला लागतं. वाहताना आतली माती घेऊन येतं. आतून पोकळ झालं की वरचं पडतं. लाटा फक्त पडलेलं उचलून नेतात."

"म्हणजे माझ्या मोरीचं पाणी."

दादाने मान डोलावली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं."

"मग हे दगड कशाला रचत होता?"

दादाने हातांकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तू पाणी घालायचं थांबवलं असतंस."

"मग?"

"मग दिवसभर काय केलं असतंस तू?"

मला राहवलं नाही. मी दादावर अशी ओरडले की भेरूजी वरून वाकून बघायला लागला. अरे वेड्या, चार वर्षं धोंडे वाहिलेस, हात फोडून घेतलेस, लोकांनी तुला मूर्खात काढलं, मी काढलं, आणि एक शब्द बोलला नाहीस? लेकरू पाण्यात जायची वेळ आली तरी? दादा म्हणाला, "रोज ठरवायचो, आज सांगतो. संध्याकाळी ती तांब्या घेऊन निघायची आणि माझं धाडस व्हायचं नाही." मी ओरडता ओरडता रडायला लागले. वहिनी उतार चढून एकटीच वर गेली.

आम्ही पोचलो तेव्हा कोयत्याचा आवाज येत होता. केळीला काय लागतं, एका घावात आडवी. ती एकेक करत होती. पानं खाली तलावाच्या कोरड्या तळावर पडत होती. शेवटच्या केळीला घड होता, कच्चा. तिने क्षणभर त्याला हात लावला आणि तीही तोडली. मग अळू उपटला. मग चरात माती लोटून पायाने दाबत दाबत मोरीपर्यंत आली.

"कंद राहू दे, तिथे खणायचं नाही," दादा म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

पुढे पावसापर्यंत त्या घरात दुसरं काही झालं नाही. मी राहिले. इकडून आमच्या घरून 'पोळ्या कोण करणार' म्हणून चिठ्ठीवर चिठ्ठी येत होती, मी भेरूजीला म्हटलं, चुलीत घाला. दादाने न्हाणीघराचं मागचं भोक बुजवलं, रस्त्याच्या बाजूला नवं पाडलं आणि पक्की नाली काढून पाणी समोरच्या गटारात सोडलं. भेगेत चिकणमाती भरून जड धुम्मसाने ठोकून ठोकून बसवली. अंगणाच्या कडेला हातभर उंच बांध घातला, पावसाचं पाणी घराच्या पुढे वळावं म्हणून. घळीत बाभळीच्या फांद्यांच्या मोळ्या आडव्या टाकून वर धोंडे ठेवले. "पाण्याने घळीतून चालत जायचं, धावायचं नाही," तो म्हणायचा. नाल्यातून वाळ्याचे ठोंब आणले, त्याची मुळं खोल जातात, ते आम्ही तिघांनी काठाने लावले. वहिनी सगळ्यांपेक्षा जास्त राबली. बोलली मात्र तेवढंच.

संध्याकाळ झाली की मला भीती वाटायची. दिवा लागला की वहिनी उठायची, सवयीने तांब्या भरायची, दगडापर्यंत जायची. तिथे थांबायची. ओतायची नाही. जराशाने भरलेला तांब्या तसाच परत आणून माठाशेजारी ठेवून द्यायची. रोज. मी दादाला म्हटलं, "अरे, एक तांब्या घालू दे तिला. त्याने काय दरड पडणार आहे?"

"मी कुठे नको म्हटलं?" दादा म्हणाला. "तीच घालत नाही."

मृग लागायच्या आधी मला परत यावं लागलं. त्या वर्षी पाऊसही दावा साधल्यासारखा पडला. परदेशीपुऱ्यात गुडघाभर पाणी, मिलचा भोंगा वाजला तरी माणसं पोचेनात. मी खिडकीत बसून एकच विचार करायची. दगड आहे का गेला? नाल्याला पूर, निरोप येणार कसा? देवाला नवस बोलायची सवय नाही मला, तरी बोलले, आणि वर दमही दिला त्याला.

श्रावणात उघडीप पडली तशी निघाले. गाडीतून उतरले ती पिशवीसकट थेट मागच्या अंगणात. केळीचे बुंधे होते तो भाग गेला होता, अळूची जागा गेली होती, तिथे आता नुसता कडा आणि खाली गढूळ पाणी. पण तो कडा दगडापाशी येऊन थांबला होता. भेग मिटलेली. तिच्यावर बारीक गवत उगवलं होतं, वाळ्याने जीव धरला होता. आणि दगड होता. आमची रेवा जागेवर होती. मी तिथेच चिखलात बसले आणि दगडावर हात ठेवला. कोरडा नव्हता, पण पावसाने ओला होता, आमच्या पाण्याने नाही.

वहिनी दारात उभी होती. "आलात? पाय धुवा," म्हणाली. तीच वहिनी, तोच आवाज. मी मनात म्हटलं, चला, निदान दगड तरी राहिला.

संध्याकाळी दादा घळीतल्या मोळ्या बघून वर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा पाठीला चिकटलेला, दम लागलेला. त्याच वेळी वहिनी तांब्या घेऊन अंगणात निघाली होती. दगडापाशी गेली, नेहमीसारखी थांबली. दादा टोपी काढून माठाकडे वळला.

"अहो," ती म्हणाली.

दादा थबकला. वहिनी अंगण ओलांडून परत आली आणि तांब्या त्याच्यापुढे धरला. "घ्या."

चार वर्षं ज्या हातांनी धोंडे उचलले त्याच हातांनी त्याने तो घेतला. दादाने तांब्या तोंडाला लावला तो खाली केलाच नाही. पाणी त्याच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं. वहिनी त्याच्या नखांकडे बघत होती. बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी, आणि तिने ते पुसलंही नाही. मी खांबाला धरून उभी होते.

दादाने रिकामा तांब्या तिच्यापुढे केला. "आणखी आहे?"

"आणते," वहिनी म्हणाली, आणि आत गेली.